आधी जनुकाचं नाव
ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकात दिवेलागणीला कुणी अंगावर आदळलं की लोक फटकन म्हणतात, "दिसत नाही का?" काहींना खरोखरच दिसत नसतं. दुपारी गाडीची पाटी वाचणाऱ्याला अंधार पडताच पायरी सापडत नाही. पुढे बाजूची नजर आक्रसत जाते. हा रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे 'आरपी'. घरची माणसं साधा रातांधळेपणा समजून वर्षानुवर्षं गाजरं खाऊ घालतात.

हा आजार आपल्याकडे किती आहे? २००६ ते २००८ दरम्यान नागपूरच्या डॉ. विनय नांगिया यांच्या पथकाने शहरापासून साधारण ४० किलोमीटरवरच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले. आरपीचं प्रमाण सुमारे ७५० माणसांत एक निघालं. जगभरात ते चार हजारांत एक धरतात. वयोगट वेगळे असले, तरी आकडा अस्वस्थ करणारा आहे. आजार आनुवंशिक आहे; मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांत एकच सदोष जनुक आईकडून आणि वडिलांकडूनही मुलात उतरण्याची शक्यता वाढते.

यावर इलाज नाही, असं २०१७ पर्यंत सर्रास सांगितलं जाई. त्या वर्षी १९ डिसेंबरला अमेरिकेने 'लक्स्टर्ना' या जनुकोपचाराला मान्यता दिली. त्यामागे फिलाडेल्फियाच्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याची अनेक वर्षांची मेहनत होती. अशाच उपचाराने लॅन्सलॉट या जन्मांध ब्रिआर्ड कुत्र्याला आलेली दृष्टी जगाने २००१ मध्येच पाहिली होती.

आरपीई६५ हे जनुक बिघडलं की 'अ' जीवनसत्त्वाचं डोळ्याच्या पडद्याला लागणारं रूप तयार होत नाही. (गाजरं इथेच हरतात.) म्हणून निरुपद्रवी केलेल्या विषाणूत त्या जनुकाची चांगली प्रत भरतात आणि शस्त्रक्रिया करून जेमतेम ०.३ मिलिलिटर द्रव पडद्याखाली सोडतात. चाचणीत रुग्णांना बाण आखलेल्या अडथळ्यांच्या वाटेवरून चालवलं. वर्षभरानंतर, उपचार घेतलेल्या २० पैकी १३ जणांनी ती वाट एक लक्स उजेडात पार केली. एक लक्स म्हणजे खोलीतल्या रात्रीच्या मिणमिणत्या दिव्याइतका उजेड.

पण २०१८ मध्ये जाहीर झालेली किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने साडेपाच कोटींच्या घरात. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातली कमाल मदत ५० लाख रुपयांची. शिवाय पडद्याचे आनुवंशिक आजार अडीचशेहून अधिक जनुकांमुळे होतात आणि लक्स्टर्ना त्यातल्या एकाच जनुकासाठी आहे. याच गटातल्या स्टारगार्ट आजाराचं एबीसीए४ जनुक तर या विषाणूत मावतच नाही, इतकं लांब आहे. आणि पेशी मेल्या असतील, तर चांगली प्रत देणार कुणाला?

म्हणून नुसत्या 'आरपी आहे' या निदानावर थांबणं बरोबर नाही. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे जनुकीय तपासणी आणि समुपदेशन होतं. घरात कुणी संध्याकाळी चाचपडत असेल, तर पडद्याच्या तज्ज्ञाला दाखवा, कोणतं जनुक बिघडलंय ते विचारा, अहवाल जपून ठेवा आणि भावंडांनाही तपासून घ्या.