फोनमधील नोंदवही सांभाळताना : एसक्यूलाइटमधील अडचणी आणि उपाय

२ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. परिसरातील मुडिचूरसारख्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. शहराच्या मोठ्या भागात वीज आणि दूरध्वनी सेवा खंडित झाली. नोंदींची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी त्या दूरच्या सर्व्हरकडे पाठविता येत नाहीत, हा या घटनेचा धडा आहे. पर्जन्यमापन असो, कीड सर्वेक्षण असो वा पीक पाहणी, नोंद प्रथम हातातील यंत्रात सुरक्षित राहिली पाहिजे.

क्षेत्रीय कामाच्या बहुसंख्य मोबाइल ॲपमध्ये हे काम एसक्यूलाइट हा अंतःस्थापित डेटाबेस करतो. अँड्रॉइड प्रणालीत तो मुळातच समाविष्ट असतो. क्यूजीआयएसमध्ये नकाशांसाठी वापरली जाणारी जिओपॅकेज फाइल हीसुद्धा एसक्यूलाइटचीच फाइल असते. त्याचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर तयार करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचे सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरे. तेव्हा सर्व्हरविना, थेट फाइलवर चालणारा डेटाबेस असावा, या विचारातून २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली.

हा डेटाबेस अत्यंत भरवशाचा आहे. त्याच्या नावावर जमा होणारे बहुतेक दोष प्रत्यक्षात ॲपच्या रचनेतून किंवा फाइलच्या हाताळणीतून निर्माण होतात. ॲप तयार करून घेणाऱ्या संस्था आणि ते वापरणारे विस्तार कार्यकर्ते या दोघांनाही हे दोष ओळखता आले पाहिजेत.

‘डेटाबेस इज लॉक्ड’

नोंद जतन करताना हा संदेश आला, तर फाइल बिघडली असे समजू नये. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच प्रक्रिया लिहू शकते. पार्श्वभूमीवर जुन्या नोंदी अपलोड होत असतील आणि त्या कामाने लेखनाचा व्यवहार उघडा ठेवला असेल, तर नवी नोंद अडते. नेटवर्क मंद असेल तितका हा अडथळा लांबतो. त्यामुळे कार्यालयात उत्तम चालणारे ॲप दुर्गम गावात अडखळते.

उपाय तीन आहेत. सर्व्हरशी होणारा संवाद डेटाबेसच्या व्यवहाराबाहेर ठेवावा आणि लेखन काही क्षणांतच पूर्ण करावे. मूळ स्वरूपात एसक्यूलाइट कुलूप उघडण्याची वाट पाहत नाही, म्हणून ‘बिझी टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवावा. तसेच २०१० पासून उपलब्ध असलेली ‘वॉल’ पद्धत वापरावी. तिच्यात वाचन आणि लेखन एकमेकांना अडवत नाहीत, मात्र लेखक तेव्हाही एकच असतो.

प्रत घेतली, पण आजच्या नोंदी नाहीत

वॉल पद्धतीत नव्या नोंदी आधी मुख्य फाइलशेजारील, नावाअखेरीस ‘वॉल’ असलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळल्या जातात. एखाद्याने केवळ मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, तर ती व्यवस्थित उघडते, कोणताही दोष दाखवत नाही, पण शेवटच्या काही नोंदी तिच्यात नसतात. हा दोष लगेच लक्षात येत नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

याकरिता ॲपमध्येच ‘बॅकअप’ सुविधेचे बटण असावे. ‘व्हॅक्युम इन्टू’ या आज्ञेनेही एकसंध प्रत मिळते. हाताने प्रत घ्यावी लागल्यास ॲप पूर्ण बंद करून सोबतच्या सर्व फाइली एकत्र घ्याव्यात. ‘वॉल’ किंवा ‘जर्नल’ नावाची फाइल अनावश्यक समजून कधीही काढून टाकू नये.

देवनागरी आकडा : पाच की शून्य?

मराठी ॲपच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची अडचण आहे. स्तंभाचा प्रकार संख्या असा जाहीर केला, तरी एसक्यूलाइट त्यात मजकूरही स्वीकारतो. इंग्रजी अंकांत लिहिलेल्या मजकुराचे तो संख्येत रूपांतर करतो, परंतु देवनागरी अंक त्याच्या दृष्टीने निव्वळ अक्षरे असतात.

महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की तो मदतीच्या दृष्टीने अतिवृष्टी मानला जातो. समजा, कार्यकर्त्याने देवनागरी कळफलकावरून ५ मिलिमीटर पाऊस नोंदविला. तुलना करताना एसक्यूलाइट कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानतो. परिणामी ६५ पेक्षा अधिक पावसाच्या यादीत ही नोंद अवतरते. उलट बेरीज करताना हाच ५ शून्य धरला जातो. याच प्रकारे ७० मिलिमीटरची नोंदही बेरजेतून नाहीशी होते. एका बाजूला अपात्र मंडळ यादीत येते, तर दुसऱ्या बाजूला पात्र शेतकऱ्याचा पाऊस एकूण आकडेवारीत दिसतच नाही.

म्हणून जतन करण्यापूर्वी ॲपने अंकांचे रूपांतर करावे. स्तंभावर ‘चेक’ अट घालून ‘टाइपऑफ’ या फंक्शनने संख्येची खातरजमा करावी. २०२१ मधील ३.३७ आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट’ सारण्या मिळतात, पण फोनमधील आवृत्ती त्याहून जुनी असू शकते, हे लक्षात घ्यावे. जुन्या माहितीतही ‘टाइपऑफ’ लावून मजकूररूपी आकडे शोधता येतात.

कमाल मर्यादेच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. ‘पाऊस ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही’ अशी अट घातली असती, तर तांबरमची ४९० मिलिमीटरची खरी नोंद ॲपने नाकारली असती. असाधारण आकडा नाकारू नये. त्यावर खूण करून तो पडताळणीसाठी ठेवावा. स्तंभाच्या नावातच ‘मिमी’ असे एकक लिहावे, म्हणजे ४९ आणि ४९० यांचा घोळ होणार नाही.

एकच गाव दोनदा

‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र संगणकात दोन वेगळ्या अक्षरक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एसक्यूलाइट मात्र साठविलेल्या बाइटची तुलना करतो, त्यामुळे एकाच गावाच्या दोन नोंदी तयार होतात आणि शोध अपुरा राहतो. गाव, पीक, कीड यांची नावे टाइप करण्याऐवजी यादीतून निवडू द्यावीत आणि जोडणी गावाच्या सांकेतिक क्रमांकावर करावी. शेतकरी आणि गट यांच्या सारण्यांतील परकीय कळीची तपासणीही मुळात बंद असते. प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते, अन्यथा मालकाविना गट शिल्लक राहतात.

छायाचित्र जतन होते, उघडत नाही

पिकाचे छायाचित्र थेट डेटाबेसमध्ये ठेवले, तर ते लिहिले जाते. परंतु अँड्रॉइडमध्ये एका ओळीच्या वाचनासाठी साधारण २ एमबीची मर्यादा असते. ती ओलांडल्यास ॲप बंद पडते. छायाचित्र स्वतंत्र फाइल म्हणून ठेवावे आणि डेटाबेसमध्ये केवळ तिचा मार्ग नोंदवावा.

दोष आढळल्यास कामाचा क्रम

ॲप अडले की ‘काढून पुन्हा टाका’ किंवा ‘डेटा साफ करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. या दोन्ही कृतींनी फोनमधील डेटाबेस पुसला जातो आणि न पाठविलेल्या नोंदी कायमच्या जातात. त्यामुळे पुढील क्रम पाळावा.

१. नवी नोंद घेणे थांबवावे. पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घ्यावे.
२. किती नोंदी पाठवायच्या बाकी आहेत, ते पाहून लिहून ठेवावे.
३. फोनमधील जागा तपासावी. ती संपल्यानेही लेखन अडते.
४. सर्व फाइलींची प्रत घ्यावी आणि पुढील प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.
५. तंत्रज्ञाने प्रतीवर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा. उत्तर ‘ओके’ आल्यास दोष ॲपमध्ये शोधावा.
६. ‘डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असा संदेश असल्यास ‘रिकव्हर’ आज्ञेने शक्य तेवढ्या नोंदी नव्या फाइलमध्ये काढाव्यात.
७. नोंदी सर्व्हरवर पोहोचल्याची आणि संख्या जुळल्याची खात्री झाल्यावरच ॲप काढावे.

ॲप तयार करून घेताना संस्थांनी न पाठविलेल्या नोंदींची संख्या पहिल्याच पडद्यावर दाखविण्याचा आग्रह धरावा. शेतकऱ्यांनीही नोंद झाल्यावर ती फोनमध्ये जतन झाली की सर्व्हरवर पोहोचली, हे कार्यकर्त्यास अवश्य विचारावे. खरीप हंगामापूर्वी एका फोनवर देवनागरी आकडे टाकून, नेटवर्क बंद ठेवून आणि प्रत परत उघडून चाचणी घेतली, तर यांतील बहुतेक दोष बांधावर जाण्याआधीच उघड होतील.