मुलांच्या खात्यात प्रोग्राम दिसत नाही? त्यांना अ‍ॅडमिन करू नका

जिंतूर असो की पालम, घरात कॉम्प्युटर एकच अन् वापरणारे चार. विंडोजमध्ये मुलांसाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं केलं, की टायपिंगचा प्रोग्राम तिथं दिसतच नाही. मग वैतागून मुलांनाच अ‍ॅडमिन करून टाकतात. त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं काम, पीकविम्याची कागदं असतात. अ‍ॅडमिन खात्यातून शिरलेला व्हायरस सगळ्यांच्याच फायली गिळू शकतो.

दोष बहुतेकदा खात्याचा नसतोच. प्रोग्राम टाकताना 'फक्त माझ्यासाठी' निवडलं, की तो एकाच्याच फोल्डरात बसतो. ज्या खात्यातून टाकला तिथून काढा, अ‍ॅडमिन खात्यातून पुन्हा टाका अन् 'ऑल युजर्स' निवडा. मग तो 'प्रोग्राम फाईल्स'मध्ये जातो, सगळ्यांना चालतो. मधेच पासवर्ड मागितला तर मोठ्यांनी स्वतः टाकावा. रोजच मागत असेल तर त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बघा.