दिवसाला 180 लिटर

दुष्काळ पाहिलेल्या खानापूर तालुक्याला पाण्याचा हिशेब टँकरमध्ये लवकर कळतो, म्हणून तोच धरू. धडधाकट माणसाच्या दोन किडन्या रक्तातून रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. वर्षाचे झाले 65 हजार 700 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. विट्याची वस्ती ढोबळमानाने पन्नास हजार धरली आणि पोराटोरांचा फरक सोडून दिला, तर एका दिवसात गावभर मिळून 90 लाख लिटर. 900 टँकर, रोजच्या रोज! कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे आणणाऱ्या टेंभू योजनेला विजेचं बिल येतं, इथे तेही नाही.

आणि एवढं काम करणारी जोडी भरते जेमतेम 300 ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. तरी हृदयाने ढकललेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा तिच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभर. अंगात रक्तद्रव असतो तीनेक लिटर, म्हणजे तोच तो दिवसातून 60 वेळा गाळून निघतो. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या. एकेका गाळणीची नळी 3 सेंटिमीटर धरली, तरी सगळ्या जोडून 60 किलोमीटर. विट्याहून निघालं तर कऱ्हाड मागे पडेल.

पण 180 लिटर गाळून लघवी होते दीड-दोन लिटरच. बाकीचं जातं कुठे? हे विट्याला वेगळं सांगायला नको. इथली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सराफाच्या दुकानातला केरकचरा जाळून, आटवून त्यातलं सोनं काढायचं, हे त्यांचं कसब. किडनीचीही रीत तीच. आधी बारीकसारीक सगळं गाळून बाजूला काढायचं, मग कामाचं वेचून रक्तात परत द्यायचं. रोज जवळपास 180 ग्रॅम साखर गाळली जाते आणि निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत येते. मीठ तर दीड किलो गाळलं जातं. त्यातलं बाहेर पडतं ते साधारण आपण खाल्लं तेवढंच.

गोम अशी, की जन्मानंतर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. एक मेला की त्याचं काम शेजारचे ओढतात आणि मालकाला पत्ता लागत नाही. निम्मी ताकद गेली तरी रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. जगात सुमारे 85 कोटी लोकांना किडनीचा काही ना काही आजार आहे आणि त्यातल्या बहुतेकांना तो माहीत नाही. किडन्या पार थकल्या की डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास आणि 120 लिटर द्रव. 168 तासांचं काम 12 तासांत उरकायचं, तेही अर्धंमुर्धं.

मग घरी काय करायचं? सुरुवात मिठाच्या पुड्यापासून. पुडा फोडला त्या दिवशीची तारीख त्यावर लिहा. चार माणसांच्या घरात किलोभर मीठ महिन्यात संपलं, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाचच्या आत. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ वेगळंच. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी आधीच अधू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाण्याचंही तसंच. भट्टीपुढे किंवा यंत्रमागावर घाम गाळणाऱ्याने तहानेच्या आधी प्यावं. पण सूज आलेल्या, किडनीच्या पेशंटला पाच-पाच लिटरचा आग्रह करू नये. त्याचं माप डॉक्टर ठरवतील, शहाळ्याचंसुद्धा.

अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून महिनोन्महिने खाणं बंद करा. किडनी ‘साफ’ करणारे काढे आणि अनोळखी भस्मंही नकोत. रोज 60 वेळा रक्त गाळणाऱ्याला साफ करायला बाहेरचं कोणी लागत नाही. त्याला लागतं ताब्यातलं बीपी, ताब्यातली साखर आणि तंबाखूपासून सुटका.

घरात कुणाला मधुमेह किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा दोन तपासण्या नाव घेऊन मागा: लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. दोन्ही साध्या आहेत. दुखण्याची वाट पाहू नका, किडनी सहसा दुखत नाही.