‘मोर’ आणि ‘मोर्त’ : फ्रेंचमधला भूतकाळ

अकरावीला फ्रेंच घेतलेली मुले वर्तमानकाळापर्यंत मजेत असतात. भूतकाळ आला की घोडे अडते. खरे तर इथली मुख्य अडचण मराठी मुलांना फारशी जाणवायला नको. कशी, ते पाहू.

बोलण्यातला फ्रेंच भूतकाळ, ‘पासे कोंपोझे’, दोन शब्दांचा असतो. पहिला शब्द ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) याचे वर्तमानकाळी रूप. दुसरा, ‘लिहिलेले’, ‘गेलेले’ यांसारखे धातुसाधित. ‘झे एक्री यून लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. मूळ लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे’ असा होता. म्हणजे क्रियापद दिसते ते मुळात विशेषणच. आणि विशेषण म्हटले की लिंग-वचन आलेच!

आपल्याकडेही तसेच घडले. संस्कृतातल्या ‘मया पत्रिका लिखिता’ या धाटणीतूनच मराठीचा भूतकाळ उतरला. म्हणून मुलगी असो की मुलगा, आंबा ‘खाल्ला’ आणि पोळी ‘खाल्ली’.

‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांत धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते : ‘इल ए मोर’ (तो मेला), ‘एल ए मोर्त’ (ती मेली). गंमत म्हणजे हा ‘मोर्त’ आणि आपला ‘मृत’ एकाच धातूचे वंशज आहेत. जाणे, येणे, जन्मणे, पडणे अशी थोडीच क्रियापदे या गटात येतात. ‘हालचालीची क्रियापदे’ ही वर्गात सांगितली जाणारी खूण आम्हाला पटत नाही; चालणे आणि धावणे ‘आव्वार’च घेतात. जागा किंवा अवस्था बदलणे ही खूण बरी, तरी ‘राहणे’ तिलाही जुमानत नाही. आपण तरी काय, ‘तिने धडा वाचला’ पण ‘ती धडा शिकली’ म्हणतोच ना!

‘आव्वार’बरोबर मात्र कर्म आधी आले तरच जुळणी होते. ‘ला लेत्र क झे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. इथे शेवटचा ‘त’ ऐकू येतो. कवी क्लेमां मारो याने 1538 मध्ये इटालियनचा दाखला देत हा नियम पद्यातून मांडला. फ्रेंच मुलेही त्यात चुकतात. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी तो सोडून द्यावा, असे जाहीरपणे सुचवले होते.

दुसरा भूतकाळ ‘इंपार्फे’. पाऊस पडत होता (इंपार्फे), तेवढ्यात मी दार उघडले (पासे कोंपोझे). ‘आजी रोज गोष्ट सांगायची’ हेही इंपार्फेच. हा फरक नियमांनी शिकवण्याऐवजी मराठी उतारा द्यावा आणि ‘-त होता’, ‘-यचा’ ही रूपे मुलांना अधोरेखित करू द्यावीत. बहुतेक ठिकाणी फ्रेंचमध्ये इंपार्फेच येते. पुस्तकी कथनात ‘पासे सँप्ल’ हा तिसराही प्रकार भेटतो; तो फक्त वाचताना ओळखता आला तरी पुरे.