विजेरी निवडताना : झगमगाट नव्हे, योग्य प्रकाश

पावसाळ्यात मध्यरात्री वीज जाते आणि नेमके त्याच वेळी स्नानगृहाकडे जावे लागते. अशा क्षणी उशाशी असलेली विजेरी आपले पडणे टाळू शकते. मात्र ती विचारपूर्वक निवडलेली असावी.

वयोमानाप्रमाणे डोळ्यांची बाहुली आकसते, नेत्रभिंग धूसर होत जाते. म्हणून ज्येष्ठांना प्रकाश अधिक लागतो. परंतु एकदा दिपलेले डोळे सावरण्यासही त्यांना वेळ लागतो. तेव्हा वेष्टनावरील ल्युमेनचा मोठा आकडा पाहून भुलू नका. रात्री घरात वावरण्यासाठी ५० ते १०० ल्युमेनचा, पिवळसर आणि पसरट झोत पुरतो. तो पावलांपुढे जमिनीवर टाकावा. आरशावर किंवा चकचकीत फरशांवर नव्हे.

खरेदीपूर्वी विजेरी ज्यांच्यासाठी घ्यायची, त्यांच्याच हाती द्या. संधिवाताने आखडलेल्या बोटांना कळ सहज दाबता येते का? पहिल्याच दाबाला मंद प्रकाश येतो का?

मोटारीसाठी २०० ते ३०० ल्युमेनची, पावसाचे शिंतोडे सोसणारी विजेरी घ्यावी. चाक बदलताना पत्र्याला चिकटणारी चुंबकाची विजेरी सोयीची. मात्र पेसमेकर असलेल्यांनी ती छातीजवळच्या खिशात कधीही ठेवू नये. लिथियम-आयन सेलची विजेरी उन्हात तापणाऱ्या गाडीत राहू देऊ नका.

अखेरीस, विजेरीची जागा ठरवा आणि महिन्यातून एकदा ती लावून पाहा. अंधारात शोधावी लागणारी विजेरी असून नसल्यासारखीच!