फवारणीची खरी किंमत

शेतकरी ज्याला 'औषध' म्हणतात ते मुळात विष आहे, याची जाणीव यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात झाली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील एका विकराचे कार्य रोखतात. कीटक त्यानेच मरतो; माणसाच्याही डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, घाम व लाळ सुटते, श्वास कोंडतो. हे विष श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरते. त्या वर्षी कपाशी उंच वाढल्याने फवारा थेट अंगावर येत होता. उकाड्यात संरक्षक पोशाख अंगावर ठेवणे कठीण. शिवाय तो मजुराला पुरवणार कोण? बाटलीवर छापलेल्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो. तो फवारणाऱ्याच्या देहातून वसूल होतो.