शिशाची गोळी नळीला का चिकटते?



इथे अमेरिकेत आपल्यातले काही जण रविवारी रेंजवर नेमबाजीला जातात. कोणी हौस म्हणून, तर कोणी २७ ऑक्टोबर २०१८ नंतर. त्या शब्बाथच्या सकाळी पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये ११ माणसे मारली गेली. पुढे २०२०-२१ मध्ये दुकानांतली काडतुसे संपली, मिळाली ती महाग. मग काहींनी घरीच काडतुसे भरायला आणि शिशाच्या गोळ्या ओतायला सुरुवात केली. स्वतःपुरती भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. इस्रायलमधल्या वाचकांनी मात्र हे केवळ माहिती म्हणून वाचावे, तिथले कायदे निराळे आहेत.

माझ्या भाच्याने ९ मिलिमीटर पिस्तुलासाठी पहिली शंभर काडतुसे भरली. रेंजवर पाहतो तर कागदावर गोल भोकांऐवजी लांबट भोके! म्हणजे गोळी आडवी होऊन जात होती. नळीत डोकावले तर आत राखाडी थर. रेंजवर कोणीतरी सल्ला दिला, "शिसे मऊ आहे, कडक घे." त्याने महागाचा कडक मिश्रधातू आणला. थर आणखी वाढला. मग मला फोन, "मामा, अजून कडक करू का?"

मी म्हटले, "बाबा, आधी मोज तर खरं!"

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांचे एकच सांगणे असे, मोजल्याशिवाय हात लावायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतुसालाही हाच नियम.

पिस्तूल रिकामे करून, नळी वेगळी काढून तिला तेल लावले. मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने हळूहळू त्यातून ढकलला आणि मायक्रोमीटरने मोजला. भरला ०.३५६ इंच. भाच्याच्या गोळ्याही ०.३५६ च! तांब्याच्या वेष्टणाची गोळी एवढ्यावर चालते. शिशाची गोळी मात्र नळीपेक्षा एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, जाड हवी. नाहीतर फटीतून तापलेला वायू पुढे पळतो, गोळीची कड वितळवतो आणि ते शिसे डाग दिल्यासारखे नळीला बसते.

कडक शिशाने का बिघडले? शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा साधारण ५, जुन्या चाकाच्या वजनांचा १२ च्या आसपास, छापखान्याच्या लायनोटाइपचा २२. मऊ गोळी दाबाने थोडी फुगून फट बुजवते. कडक गोळी मध्यम दाबाला फुगतच नाही. म्हणून आधी माप, मग कडकपणा.

भाच्याने ०.३५८ ची गोळी केली. तरीही थर! मग एक भरलेले काडतूस हातोडीसारख्या पुलरने उघडून गोळी पुन्हा मोजली. ०.३५५! पुंगळीनेच तिला आवळले होते. ९ मिलिमीटरची पुंगळी तळाकडे जाड होत जाते, आणि तिचे तोंड उघडणारा त्याचा प्लग वेष्टणाच्या गोळीसाठी केलेला, म्हणजे बारीक. शिशाच्या गोळीसाठीचा जाड, लांब प्लग लावला, शेवटचा क्रिंप हलका केला. क्रिंप फक्त उघडलेले तोंड सरळ करण्यापुरता असतो, गोळी दाबण्यासाठी नव्हे. थर गेला, भोके गोल झाली.

आणखी एक खूण. थर चेंबरजवळ असेल तर बहुधा गोळी बारीक आहे. तोंडाकडे असेल तर गोळीवरचे वंगण कमी पडते आहे. आणि गोळी जाड केली की भरलेले काडतूस सुट्या नळीत टाकून पाहावे. 'टक्' करून आपोआप बसले पाहिजे, बोटाने गोल फिरले पाहिजे.

"थोडी दारू वाढवून बघू" हा उपाय मात्र कधीच नको. दारूचे माप छापील पुस्तकातले, त्याच गोळीसाठी दिलेले, आणि सुरुवात सर्वांत कमी मापापासून.

आता खरी गोष्ट सांगतो. सगळे जमले म्हणून भाचा खूश होता. पुढच्या रविवारी एक बार 'फुस्स' असा झाला. त्याने स्लाइड ओढून पुढचे काडतूस आत घेतले. मी मोठ्याने ओरडलो, "थांब!" पिस्तूल रिकामे करून नळी काढली. गोळी मध्येच अडकलेली. त्या पुंगळीत दारूच पडली नव्हती, नुसत्या प्रायमरने गोळी ढकलली होती. दुसरा बार झाला असता तर नळी फुगली असती, कदाचित हातही गेला असता. आवाज कमी आला की थांबायचे, नळी बघायची, मगच पुढे. याच्या उलट चूकही होते. पिस्तुलाची जलद दारू इतकी थोडी लागते की दोन मापे एका पुंगळीत सहज मावतात. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकवावे. त्या वेळी टीव्ही बंद, गप्पा बंद.

आणि घरातल्या बायामुलांसाठी चार शब्द. आपल्याकडे मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. शिशाचे भांडे तिसरे, आणि ते स्वयंपाकघरात कधीच परत येत नाही. ओतकाम उघड्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून करावे. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर सगळे अंगावर उडते. पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ तर जास्तच वाईट, कारण प्रायमरमध्येही शिसे असते. मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी लक्ष द्यावे, असे अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये ठरवले. गरोदर बाईने त्या खोलीत जाऊच नये. काम झाले की हात-तोंड धुवून, कपडे बदलूनच नातवंडांना उचलावे.

भाचा आता वहीत प्रत्येक माप लिहितो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आज काही बिघडलं नाही, तरी मोजलं." मला एवढेच हवे होते.

देव आपणां सर्वांस सुरक्षित ठेवो. शालोम.